चोरी झेडची, चौकशीही झेडचीच

ज्याच्या घरी चोरी होते त्याला त्या दिवशी जितके प्रश्न विचारले जातात, तितके पुढे सापडलेल्या चोरालाही कुणी विचारत नाही. चोराची चौकशी एकटे पोलीस करतात, तीही तो सापडला तर. ज्याचं गेलं त्याची चौकशी दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे करतात. "कुलूप कुठल्या कंपनीचं होतं?" "लॅच फिरवलं होतं की दार नुसतं ओढून घेतलं होतं?" "एवढं सोनं घरात ठेवतं का कुणी?" आणि शेवटी, "गणपतीपुळ्याचे फोटो स्टेटसला टाकले होतेत ना? मग!" या 'मग'पाशी तपास संपतो. गुन्हा सिद्ध, आरोपी समोरच बसलेला, शिक्षा तेवढी ठरायची बाकी. ती म्हणजे आलेल्या प्रत्येकाला चहा देणे.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भरदिवसा घरफोडी झाली तेव्हा हे सगळं जवळून पाहायला मिळालं. घरातली बाई उघड्या कपाटासमोर सुन्न बसली होती आणि भोवती जमलेली मंडळी आपापल्या चोऱ्या सांगत होती. चोरीच्या घरी समाचाराला जाताना आपली एक चोरी बरोबर न्यायची पद्धत आहे. कुणाचं दादरच्या पुलावर मारलेलं पाकीट होतं, कुणाची एसटीतून गेलेली बॅग होती. एकांनी तर आजोबांच्या काळातला सशस्त्र दरोडा काढला, त्यापुढे बाकीच्यांच्या चोऱ्या फिक्या पडल्या. यजमानांची तर अगदीच ताजी, तिला अजून गोष्टीचा आकारही आला नव्हता. तळमजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी सुरक्षेवर बोलले. त्यांच्या दाराला पाच कुलपं आहेत. चोर अजून आत शिरलेला नाही, आणि किल्ल्यांचा जुडगा आत राहिला की तेही शिरू शकत नाहीत.

ही रीत आजची नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त (देवलांच्या नाटकामुळे ते मराठी घरांत पोचलं) तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताचं घर फोडतो. हा चोर शिकलेला, चांगल्या घरचा, आणि आपल्या धंद्याविषयी अत्यंत गंभीर. भिंतीला भोक कमळाच्या आकाराचं पाडावं की पूर्णकुंभाच्या, यावर तो विचार करतो. मोजायची दोरी विसरली म्हणून गळ्यातलं जानवं काढून मोजमाप घेतो. चोरांचा देव कार्तिकेय, त्याला वंदन करतो. आत विदूषक मैत्रेय झोपेत बरळतोय. त्याला वाटतं समोर चारुदत्तच उभा आहे, आणि तो वसंतसेनेच्या दागिन्यांचं गाठोडं स्वतःच चोराच्या हातात देतो. सकाळी चारुदत्त भिंतीचं भोक बघतो आणि आधी कारागिरीचं कौतुक करतो. आपल्या घरातून बिचारा चोर रिकाम्या हाताने गेला नाही, याचा त्याला आनंद होतो. मग कळतं की गेलं ते आपलं नव्हतं, दुसऱ्याची ठेव होती. तेव्हा त्याला पहिली चिंता चोराची पडत नाही. आपल्यावर विश्वास कोण ठेवणार, ही पडते. गरीब माणूस, घरात दागिने, दागिने गायब. लोक म्हणणार, यानेच लांबवले. शेवटी त्याची बायको आपली रत्नमाला काढून देते आणि भरपाई होते. शर्विलकाचं पुढे भलं होतं, लग्नही होतं. ज्याच्या घरी चोरी झाली तो चारुदत्त मात्र दहाव्या अंकात खुनाच्या खोट्या आरोपाखाली वधस्तंभाकडे निघालेला असतो.

कायद्याने या माणसाला नाव दिलंय: झेड. भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये तयार केला, कायदा झाला 1860 मध्ये. कलमं लोकांना समजावीत म्हणून त्यात उदाहरणं घातली, आणि चोरीच्या बहुतेक उदाहरणांत ए नावाचा इसम झेड नावाच्या इसमाचं काहीतरी उचलतो. ए झेडच्या जमिनीतलं झाड तोडतो. ए खिशात कुत्र्यांना आवडणारं काहीतरी घालून झेडच्या दारावरून जातो, आणि झेडचा कुत्रा त्याच्यामागे चालू लागला की चोरी पूर्ण. ए झेडच्या टेबलावरची अंगठी घरातच अशा जागी लपवतो की झेडला ती सापडू नये. विषय थंडावला की नेऊन विकायची. ती जागेवरून हलवली त्या क्षणीच चोरी झाली. आणि माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण: ए रस्त्याने जात असतो, त्याला खजिन्याची पेटी वाहून नेणारा बैल भेटतो. ए त्याला आपल्याला हव्या त्या दिशेने हाकतो. बैलाने पाऊल टाकलं की खजिन्याची चोरी झाली.

खजिना पाठीवर घेऊन एकटा फिरणारा बैल मी अजून पाहिलेला नाही. पण 1 जुलै 2024 पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, चोरीचं कलम 378 जाऊन 303 झालं, तरी बैल आहे तिथेच आहे. मोबाइलवरून पैसे लांबवण्याच्या काळातही तो पेटी घेऊन चाललाय. कुत्राही आहे.

एका उदाहरणात ए हा झेडच्या बायकोचा प्रियकर आहे. ती त्याला नवऱ्याची एखादी मौल्यवान वस्तू देते. ती द्यायचा तिला अधिकार नाही हे ए जाणतो, तरी लबाडीने घेतो. ही चोरी. व्यभिचाराचं कलम सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केलं. म्हणजे आज झेडची बायको ए-कडे गेली तर गुन्हा नाही, येताना झेडचं घड्याळ घेऊन आली तर आहे. झेड घड्याळासाठी पोलिसांत जाऊ शकतो. तिथे त्याला कोण कोणते प्रश्न विचारेल, याची मला कल्पना आहे.

कलमांचे आकडे बदलल्याने लोकांचं नुकसान झालं ते वेगळंच. चारशेवीस म्हटलं की समोरचा कोण आहे ते कळायचं. राज कपूरने 1955 मध्ये त्यावर सिनेमा काढला. आता फसवणूक कलम 318, पोटकलम 4 मध्ये गेली आहे. एखाद्या लबाड माणसाला "अरे तीनशे अठरा पोटकलम चार!" असं रागाने ओरडून बघा. त्याला वाटेल बसचा नंबर सांगताय.

कायद्याचा एक नियम आमच्या इमारतीला लागू पडतो, म्हणून सांगतो. जमिनीत रुजलेल्या वस्तूची चोरी होत नाही. ती जमिनीपासून तोडली की तिची चोरी होऊ शकते. आमच्या कुंपणाच्या आत जास्वंद आहे, अनंत आहे. पहाटे साडेपाचला हातात पिशवी आणि टोकाला हुक लावलेली काठी घेऊन काही सज्जन बाहेरून येतात. फूल फांदीवर आहे तोवर ते निष्पाप असतात. देठ तुटला की चोरी पूर्ण. हटकलं तर उत्तर ठरलेलं: "देवासाठी घेतोय." आता कायदा म्हणतो, चोरीमागे लबाडीचा इरादा हवा, कुणाचा तरी गैरवाजवी लाभ किंवा तोटा हवा. लाभ इथे गजाननाला होतो. मुद्देमाल जप्त करायचा तर तो देव्हाऱ्यात, देवाच्या डोक्यावर. पंचनामा करायला कोण तयार होईल? त्यामुळे हा गुन्हा मराठी मुलखात रोज, उजाडायच्या आत, अतिशय भक्तिभावाने घडतो.

याच्या उलट देवळाबाहेरून गेलेली चप्पल. ही एकच चोरी अशी, जिच्याबद्दल गेलेल्याचं अभिनंदन होतं. "शनिवारी गेली ना? पनवती गेली समजा!" नवी कोरी, दीड हजारांची असेल तर पनवती मोठी होती असं धरायचं आणि अनवाणी रिक्षात बसायचं. कायद्याने ही साधी चोरी आहे. न्याय संहितेत तर सोय केली आहे की, माल 5,000 रुपयांहून कमी किमतीचा असेल, दोषी ठरण्याची वेळ पहिलीच असेल आणि चोराने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे तुमची पनवती नेणाऱ्याला वर समाजसेवाही करावी लागेल. पण चपलेची फिर्याद द्यायला गेलेला माणूस अजून माझ्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या मजल्यावरची फिर्याद मात्र द्यावीच लागली, आणि सोबतीला मी गेलो. पोलीस ठाण्यात फिर्याद सांगायची आपण असते, पण ती लिहिली जाते ठाण्याच्या मराठीत. आपण म्हणतो, "साहेब, चोरी झाली हो." कागदावर येतं: "मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून खाजगी नोकरी करून कुटुंबाचा उदरनिर्वाह चालवितो." आपलं आयुष्य इतक्या कमी शब्दांत, इतक्या अचूकपणे दुसरं कुणी सांगितलेलं नसतं. पुढे कोणीतरी अज्ञात चोरट्याने कडीकोयंडा तोडून, संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने, स्वतःच्या फायद्याकरिता माल चोरून नेलेला असतो. 'संमतीशिवाय' हे वाचून शेजारी जरा चपापले. संमती देण्याची शक्यता कुणी गृहीत धरली असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग मालाची यादी. प्रत्येक वस्तूपुढे 'जु.वा.कि.अं.' असं लिहिलं जातं. जुनी वापरती किंमत अंदाजे. सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या, ज्यांच्यावरून घरात तीस वर्षं दोन तट होते, त्या कागदावर 'जु.वा.' झाल्या. "पावत्या आहेत?" लग्नातल्या पाटल्यांच्या पावत्या कुणाकडे असतात? "वजन?" इथे नवराबायकोंची दोन वजनं निघाली, आणि काही वेळ ठाण्यात आणखी एक गुन्हा घडेल की काय अशी परिस्थिती होती. "कुणावर संशय?" या प्रश्नावर शेजाऱ्यांनी खाली पाहिलं. त्यांचा संशय साडूंवर आहे, आणि तो पाटल्या जायच्या आधीपासून आहे.

तरी घरफोडीचं नशीब बरं. तिला तुटलेला कोयंडा असतो, फोडलेलं कपाट असतं. गर्दीत गेलेल्या मोबाइलकडे असा काहीच पुरावा नसतो, म्हणून तो बऱ्याचदा चोरीला न जाता 'गहाळ' होतो. चोरी झाली की गुन्हा नोंदवावा लागतो, नोंदवला की तपास करावा लागतो, तपास केला की वर्षअखेरीस आकडा सांगावा लागतो. गहाळ झालं की दाखला मिळतो. त्यावर शिक्का असतो, दुकानदार तो बघून नवीन सिमकार्ड देतो आणि सगळे सुखी होतात. दोष पुन्हा झेडचाच: फोन कुणी नेला नाही, यानेच हरवला.

आणि हद्द. चोराला हद्द नसते, चोरीला असते. पुलाच्या अलीकडे बॅग ओढली तर हे ठाणं, पलीकडे ओढली तर ते. आता कायद्याने कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने फिर्याद घ्यावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. कलम वाचून जावं, पण आपण ते वाचलंय हे लगेच दाखवू नये. माझा अनुभव आहे.

हद्दीचा हा वाद आपल्याकडे जुना आणि एके काळी फार उपयोगाचा होता. पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारच्या एल्फिन्स्टनने 1819 मध्ये नव्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहारेकऱ्याचं काम नोंदवलंय. चोरी झाली की जागल्याने किंवा रामोशाने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या पहारेकऱ्याला दाखवला की जबाबदारी त्या गावाची. त्याने पुढे नेला तर त्याच्या पुढच्याची. माग ज्या गावात विरला त्याने भरपाई करायची. विचार करा, सगळं गाव रात्री जागं राहून आपापली शीव सांभाळतंय, कारण चोराचं पाऊल आपल्या हद्दीत विरलं तर वर्गणी काढावी लागणार. धर्मशास्त्रं तर पुढे जाऊन सांगतात की चोरीचा माल मिळवून देता आला नाही तर राजाने तो आपल्या खजिन्यातून भरून द्यावा. हा नियम आज लावला तर गृहखात्याचा अर्थसंकल्प कुठे जाईल, हे गृहखात्याने बघावं. मी फक्त एक नागरिक म्हणून आठवण करून देतोय.

जुन्यांच्या सगळ्याच पद्धती अशा शहाण्या नव्हत्या. संशयितांना तांदूळ चघळून थुंकायला लावायचे. ज्याच्या थुंकीत रक्त दिसलं तो चोर. रवादिव्यात कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हातावर पिशवी बांधून मोहर करायची आणि तिसऱ्या दिवशी फोड आलेत का बघायचं. तांदळामागे निदान एक विचार होता: भीतीने तोंडाला कोरड पडते, कोरडा तांदूळ टोचतो. पण कोतवालासमोर उभं केल्यावर कोरड कुणाला पडत नाही? माझी तर पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस आले तेव्हाही पडली होती.

तांदूळ गेले, पण संशयाची रांग बदलली नाही. घरातली अंगठी दिसेनाशी झाली की पहिलं नाव कुणाचं निघतं, हे सांगायला शेरलॉक होम्स लागत नाही. भांड्याला येणाऱ्या बाईंचं. त्यांची पिशवी बघतात, त्यांना देवाची शपथ घालतात, शेजारणींना फोन करून 'तुमच्याकडे काही गेलंय का' म्हणून विचारतात. तीन दिवसांनी अंगठी फ्रिजवरच्या पेनांच्या डब्यात सापडते, जिथे ती अंगठीवाल्यांनी स्वतः ठेवलेली असते. शेजारणींना पुन्हा फोन जातो. बाईंना सांगितलं जात नाही. त्यांची माफी मागितलेलं घर मला दाखवा, मी तिथे पेढे घेऊन जाईन.

हे आपलं घरगुती धोरण इंग्रजांनी 1871 मध्ये कायदाच करून टाकलं होतं. गुन्हेगार जमातींचा कायदा. चोरी कुणी केली हे शोधण्याची कटकट नको म्हणून अमुक जमातीत जन्मला तो चोर, असं ठरवून टाकलं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात राहायचं. सुटका झाली 31 ऑगस्ट 1952 रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलेल्याला हे वेगळं सांगायला नको. यावर विनोद करणं मला जमत नाही, म्हणून पुढे जातो.

शास्त्राकडे वळावं तर तिथेही गमती आहेत. बोटांच्या ठशांची जगातली पहिली कचेरी 1897 मध्ये कोलकात्यात निघाली. ठशांचं वर्गीकरण करण्याचं गणित बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी. जगभर पद्धतीला नाव मिळालं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं. ही चोरी कुठल्याही कलमात बसत नाही. त्याच सुमारास जलपायगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, घरातला ऐवज गेला, आणि मागे एका बंगाली पंचांगावर अंगठ्याचा डाग राहिला. तो ठसा एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. खटला चालला आणि निकाल लागला: चोरी सिद्ध, खून नाही. ठसा एवढंच सांगू शकत होता की याने पंचांगाला हात लावला. वाईट मुहूर्तावर लावला, हे त्याला तेव्हा कळलं नसावं.

आपल्याकडे घरफोडीनंतर ठसेतज्ज्ञ येतात तोवर समाचाराला आलेली पंचवीस माणसं कपाट उघडझाप करून गेलेली असतात. "इथून नेलं?" असं म्हणून प्रत्येकजण तिथेच हात ठेवतो. दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांत स्पष्ट ठसे आमच्या बँक अधिकाऱ्यांचे मिळाले असणार, कारण कप्प्याचं कुलूप किती तकलादू आहे हे त्यांनी तीनदा ओढून दाखवलं होतं.

मग श्वानपथक. वर्तमानपत्रात एक वाक्य कायम छापलेलं असतं: श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग दाखवला आणि तिथे ते घुटमळले. तिथे चोर गाडीत बसला, असा निष्कर्ष निघतो. कुत्र्याला वडापावची गाडी दिसली, असा निष्कर्ष मी अजून वाचलेला नाही. न्यायालय मात्र कुत्र्याच्या बाबतीत सावध आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावरचे आक्षेप नोंदवले. त्यातला पहिला असा की कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा सांभाळणारा, आणि ती ऐकीव माहिती झाली. कुत्र्याने प्रत्यक्ष सांगितलं नाही तोवर पुरावा कच्चा. संपूर्ण प्रकरणात खोटं बोलण्याचं ज्याला काही कारण नाही असा तो एकटाच, आणि त्याचीच साक्ष चालत नाही.

माणसांच्या साक्षीचं बघा. पंचनाम्याला दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी लागतात. प्रतिष्ठित रहिवासी पंच व्हायचं म्हटलं की ऑफिसला उशीर होत असतो. म्हणून ठाण्यासमोरचा चहावाला प्रतिष्ठित होतो. तो इतक्या पंचनाम्यांना हजर असतो की गावातल्या प्रत्येक गुन्ह्याच्या जागी योगायोगाने तोच कसा, असा प्रश्न बचावाचे वकील विचारतात आणि केस पडते. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय. चहावाल्याला तेवढीच उसंत.

कॅमेऱ्यांचीही गोष्ट तीच. आमच्या इमारतीत सहा कॅमेरे आहेत. चोरीच्या दिवशी दोन बंद होते, एक शेजारच्या इमारतीची गच्ची दाखवत होता, एकावर कोळ्याचं जाळं होतं. उरलेल्या दोहोंत टोपी आणि मास्क घातलेला एक तरुण शांतपणे जिना चढताना दिसतो. वॉचमनने त्याला सलाम केलेला दिसतो. सगळ्यांनी तो भाग पुन्हा पुन्हा बघितला आणि प्रत्येकाने त्याला ओळखलं. प्रत्येकाने वेगळाच ओळखला.

वॉचमनला दोष देण्यात अर्थ नाही. आत्मविश्वासाने चालणाऱ्याला सलाम करायचा, हे आपण त्याला शिकवलंय. 19 मार्च 1987 रोजी मुंबईत ऑपेरा हाउसला त्रिभुवनदास भीमजी झवेरींच्या पेढीवर सीबीआयचा छापा पडला. प्रमुखाचं नाव मोहनसिंग. त्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तरुण जमवले होते, मोठ्या हॉटेलात मुलाखती घेऊन निवडले होते, त्यांना ओळखपत्रं दिली होती. छापा कसा असतो याचा सराव म्हणून त्यांना तिथे नेलं. बिचाऱ्यांना वाटलं, सरकारी नोकरी लागली. पेढीवरच्या लोकांना वाटलं, सरकार आलं. नमुने म्हणून दागिने ताब्यात घेऊन साहेब निघून गेले. पथक साहेबांची वाट बघत बसलं. त्या माणसाचा पत्ता आजपर्यंत लागलेला नाही. पुढे त्यावर हिंदी सिनेमा निघाला आणि चांगला चालला.

ज्या चोऱ्यांवर सिनेमे निघत नाहीत त्यांचा शेवट 'अ' समरीत होतो. आपल्या पोलिसांनी तपास बंद करायचे तीन वर्ग केले आहेत. 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी. 'क' म्हणजे गैरसमज झाला, किंवा भांडण दिवाणी होतं. आणि 'अ' म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडत नाही. वर्षा-दोन वर्षांनी झेडच्या हातात हा कागद येतो आणि त्याला विचित्र समाधान होतं. पाटल्या गेल्या त्या गेल्याच, पण निदान त्या होत्या, हे सरकारने मान्य केलं. आमच्या शेजाऱ्यांनी तो कागद नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. साडूंनी त्याला अंगठा दाखवला. ठसा जुळवायची सोय मात्र तिथे नव्हती.

अलीकडे चोराने मधले सगळे टप्पे काढून टाकले आहेत. भिंत फोडायला नको, जानव्याने मापं काढायला नकोत. तो फोन करतो, व्हिडिओवर गणवेशात दिसतो, मागे अशोकस्तंभ असतो, आणि झेडची चौकशी तो स्वतःच करतो: "तुमच्या आधारवर परदेशात पार्सल चाललंय, त्यात अंमली पदार्थ आहेत. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." याला तो डिजिटल अटक म्हणतो. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही; 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनाही ते देशाला सांगावं लागलं. तरी शिकलेली, निवृत्त, मुदतठेवी असलेली माणसं दोन-दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहतात आणि मैत्रेयाने झोपेत गाठोडं दिलं तसं जागेपणी ओटीपी देतात. लोक विचारतात, इतकी हुशार माणसं फसतात कशी? माझ्या मते सोपं आहे. गणवेशातल्या माणसाने प्रश्न विचारले की आपण आरोपी आहोत, हे समजायची झेडला आयुष्यभराची सवय आहे. पैसे गेले तर 1930 वर लगेच, त्याच तासात फोन करावा. खात्यातून पुढे सरकायच्या आत रक्कम गोठवता येते. आणि समाचाराला येणाऱ्यांना त्या तासात दार उघडू नये.

चोराने झेडची चौकशी न करता त्याचा मान राखल्याचं एक उदाहरण माझ्याकडे आहे, आणि ते रायगड जिल्ह्यातलं आहे. जुलै 2024 मध्ये नेरळला एका बंद घरात चोर शिरला. टीव्ही आणि इतर वस्तू घेऊन गेला. आणखी काही न्यावं म्हणून तो पुन्हा आला, तेव्हा त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे कवी नारायण सुर्वे यांचा फोटो आणि त्यांना मिळालेली मानचिन्हं होती. घर सुर्व्यांचं होतं, आणि ते गेल्यावर त्यांच्या कुटुंबातली माणसं तिथे राहत होती. चोराने नेलेल्या वस्तू परत आणून ठेवल्या आणि भिंतीवर चिठ्ठी चिकटवली: हे घर सुर्व्यांचं आहे हे ठाऊक असतं तर चोरी केली नसती, माफ करा.

मराठीत कवीला याहून मोठा पुरस्कार मिळालेला माझ्या माहितीत नाही. कायद्याच्या दृष्टीने माल परत केला तरी चोरी पुसली जात नाही; वस्तू जागेवरून हलवली तेव्हाच ती पूर्ण झालेली असते. त्यामुळे घरच्यांनी परत आल्यावर पोलिसांना कळवलं आणि पोलीस आले. मुद्देमाल जागेवर होता, लेखी कबुली भिंतीवर होती, आणि परत केलेल्या टीव्हीवर चोराच्या बोटांचे ठसे होते. ते पोलिसांनी घेतले.